सीताबाईचा बोका

मालूचा मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि त्याची छाती घरघरायला लागली. मालूचा नवरा शिवा रोह्याच्या एका कंपनीत होता. त्याची आई सीताबाई पेणजवळ जिते गावात एकटी राहायची आणि दर रविवारी गाडीनं नातवाला बघायला यायची. नवरा गेल्यापासून तिला एका पांढऱ्या बोक्याची सोबत होती. तो तिच्या घडी घातलेल्या लुगड्यांवरच झोपायचा, त्यामुळे ती यायची ती अंगभर केस घेऊनच. शेजारणीनं मालूच्या डोक्यात भरवलं की पोराला धाप लागते ती या केसांनी.

पुढच्या रविवारी मालूनं सासूला दारातच थांबवलं. ओला हात तिच्या लुगड्यावरून वरून खाली फिरवला, तशी केसांची गुंडाळी निघाली.

"आई, हे सगळं पोराच्या छातीत जातं," ती म्हणाली.

सीताबाई ओशाळली. तेव्हापासून ती रोह्याला उतरली की स्टेशनच्या नळावर हात भिजवून स्वतःच लुगडं पुसून काढायची आणि तशीच ओलसर दारात उभी राहायची. तरी मालू चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून तिची पाठ टिपायची, शेजारीण बघत असली तरी. मग एका रविवारी सीताबाई आली नाही. गुडघे दुखतात, असा निरोप आला.

दोन महिने ती आली नाही, पण घरघर होती तशीच राहिली. शेवटी पेणच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घरात धूर कसला होतो ते विचारलं. मालू पाळण्याखाली रोज डासांची अगरबत्ती लावायची. ती बंद केली आणि महिन्याभरात पोराची छाती मोकळी झाली.

सासूची माफी मागायची असं ठरवूनच मालू पोराला घेऊन जित्याला गेली. घरात बोका दिसला नाही. सीताबाईनं महिन्यापूर्वीच शेजारच्या हिरामणकरवी तो पोत्यात घालून वडखळच्या एका खाणावळीपाशी सोडायला लावला होता. तिथं मासळीची डोकी मिळतात, उपाशी नाय राहायचा, असं ती सांगत होती. मग नातवाला मांडीवर घेऊन तिनं त्याच्या छातीला कान लावला.

"बघ गो, बोका गेला नि पोर मोकळं झालं. मीच आधी द्यायला हवा होता."

मालू आली होती ती अगरबत्तीचं सांगायला. ती म्हणाली, "व्हय, आई."

दुसऱ्या दिवशी तिनं शिवाला वडखळला पाठवलं. बोका चार दिवस तिथं होता, पुढं दिसला नाही, एवढंच खाणावळवाल्यानं सांगितलं.

सीताबाई पुन्हा दर रविवारी येऊ लागली. बोका दिला म्हणून नातू वाचला, हे ती बारशा-लग्नात भेटेल त्याला कौतुकानं सांगायची, आणि मालू काहीतरी काम काढून तिथून उठायची. शिवा म्हणायचा, म्हातारीला त्यात समाधान आहे, कशाला मोडायचं? मालूला ते कधी पटलं नाही, पण तिनं सांगितलंही नाही. पोरगा दहावीत असताना सीताबाई गेली. मालू इतकी का रडते, ते सांत्वनाला आलेल्या बायकांना कळेना.