पेन्सिलीचे गुण

मी इतिहास शिकवतो त्या शाळेत गणिताला एक बाई आहेत. पास झालेल्याचे गुण त्या पेननं लिहितात, नापासाचे पेन्सिलीनं. पस्तीसला एक गुण कमी पडला तरी वाढवत नाहीत. निकालासाठी मुख्याध्यापक हात जोडतात, तेव्हा बाई बोटांवरचा खडू झटकतात. "सर, गुण देईन हो. गणित कुठून देऊ?" मग शाळा सुटल्यावर त्याच लेकराला पुन्हा पेपरला बसवतात, अगदी पाचव्यांदासुद्धा.

तांड्यावरची एक पोरगी सहामाहीत नापास झाली आणि दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेली. एप्रिलात ती आम्हाला बाळापूरच्या स्टँडवर दिसली. बाईंनी पर्समधून तिचा घडी घातलेला पेपर काढला, तशी ती मागं सरकू लागली.

"बाई, समदं इसरले मी."

"मग काहून पळून राहिली? बस इथं."

बाकावर दोघी गणितं सोडवत बसल्या. आमच्या दोन एसट्या निघून गेल्या. शेवटी बाईंनी पेन्सिलीचा आकडा खोडला आणि माझ्याकडं पेन मागितलं.

मी दिलं. त्याच पेननं मी सकाळी तिघांचे एकतीसचे पस्तीस केले होते.