सुलभाच्या तळ्यावरच्या सासूबाई

सुलभा वाकणकरचा मला हेवा वाटतो. सत्तरी उलटलेल्या, तीस वर्षं मुलांची डॉक्टर म्हणून मिरवलेल्या बाईनं हे बोलू नये, पण खोटं तरी किती दिवस बोलायचं? अमेरिकेतल्या या श्रूजबरीत आम्ही दोघी चाळीस वर्षं आहोत. इतकी वर्षं तीच माझा हेवा करत असणार अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीत मी सुखी होते.

ती इथं आली मनोहरची बायको म्हणून. मनोहर वूस्टरच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. सुलभा वाईची, बी.ए. झालेली, आणि इथं येऊन तिनं शाळेच्या किचनमध्ये नोकरी धरली. बावीस वर्षं लोकांच्या पोरांना पिझ्झाचे तुकडे वाढले. आम्हा डॉक्टर मंडळींत तिचा विषय निघाला की "साधी आहे हो" म्हणून आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी स्टेजवर असायची आणि ती मागे पातेल्यांजवळ. हे सगळं मला अगदी योग्य वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मनोहर गेला. घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज उरला नाही, म्हणून सुलभा घरामागच्या जंगलात चालायला जाऊ लागली. तिथं बीव्हरांनी ओढ्यावर बांध घातला होता आणि मागे तळं साचलं होतं. बीव्हर म्हणजे घुशीचा थोरला भाऊ म्हणा. कुत्र्याएवढा आकार, नारिंगी दात, आणि शेपूट उलथन्यासारखं चपटं. दातांनी झाड पाडायचं, फांद्या पोहत ओढून आणायच्या, छातीशी चिखल धरून आणून बांधाला लिंपायचा. सुलभा एका ओंडक्यावर बसली ती बसलीच.

त्यांतल्या एका थोराड मादीचं नाव तिनं सासूबाई ठेवलं. बाकीच्यांनी फांदी लावली की ही येऊन हलवून बघते, आणि पसंत पडली नाही तर उपसून पुन्हा लावते. "माझ्या सासूबाई पोळ्यांचं असंच करायच्या," सुलभा म्हणाली. "परत लाटायला लावायच्या."

दोन वर्षांपूर्वी तळ्याचं पाणी पायवाटेवर आलं. बीव्हरांचा बंदोबस्त करावा, असं गावच्या मीटिंगमध्ये ठरत आलं होतं. सुलभा उठली आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, पायवाट दहा फूट बाजूला घेता येईल, त्यांना तळं बाजूला घेता येणार नाही. एवढं बोलून खाली बसली. पायवाट बाजूला घेतली गेली. त्या मीटिंगला मीही गेले होते. मी लिहून नेलेलं चार पानी भाषण पर्समध्येच राहिलं.

तेही मी सोसलं असतं. अनिकाचं मात्र सोसेना.

अनिका माझ्या अमितची मुलगी, अकरा वर्षांची. अमित इथून दहा मिनिटांवर राहतो आणि शनिवारी ती माझ्याकडे असते. म्हणजे असायची. गेल्या वर्षी सुलभानं तिला एकदा तळ्यावर नेलं, आणि तेव्हापासून शनिवार सुलभाचा झाला. चार वर्षं मी पोरीला मराठी शाळेत नेलं-आणलं, तिला "माझं नाव अनिका"च्या पुढे काही आलं नाही. सुलभाकडून ती फांदी, चिखल, लिंपणं, गप्प बस असं भराभर शिकून आली. माझ्याशी ती जेमतेम "हाय आजी" इतकं बोलायची. मला एक शनिवार हवा होता. तळ्याकाठी पोरीनं माझ्या शेजारी बसावं, माझ्याकडे बघून हसावं, एवढंच. मागणं मोठं नव्हतं, पण ते सुलभाच्या हातात होतं याचा मला संताप यायचा.

डिसेंबरात सुलभा मुलीकडे, सावनीकडे, डब्लिनला निघाली. जायच्या आधी तिचा फोन आला.

"नंदा, या शनिवारी अनिकाला तू नेशील? तळं आता कधीही फ्रीझ होईल, मग मार्चपर्यंत काही दिसायचं नाही. सासूबाईंचं शेवटचं लिंपण चाललंय. तिला बघायचंय गं."

"नेईन की. त्यात काय अवघड आहे?"

"माझा कोट घालून जा. गराजमध्ये खिळ्याला अडकवलाय. किल्ली कुंडीखाली आहे."

तो कोट मला माहीत होता. मनोहरचा जुना, तपकिरी, कोपरावर अस्तर बाहेर आलेला. कोटाला फोडणीचा वास लागू नये म्हणून तो स्वयंपाकघरापासून लांब ठेवायची इथं आपल्या सगळ्यांची सवय आहे, ऑफिसात कुणी नाक मुरडू नये म्हणून. सुलभानं तो नेम रिटायर झाल्यावरही बीव्हरांसाठी चालू ठेवला. त्यांना डोळ्यांनी बेताचंच दिसतं, पण नाक फार तिखट.

"माझ्याकडे कोट आहेत," मी म्हणाले.

"हो, आहेत ना," ती म्हणाली, आणि विषय सोडला.

शनिवारी मी काहीच कमी ठेवलं नाही. सकाळपासून घरात फोडणी नाही, जेवायला नुसता मऊ भात. केसांना तेल नाही, हातांना क्रीम नाही. बिनवासाच्या साबणानं ऑपरेशनला उभं राहायचं असल्यासारखे कोपरापर्यंत हात धुतले. मग माझा गडद निळा लोकरीचा कोट घातला. विभागप्रमुख झाले तेव्हा घेतलेला. अठ्ठावीस वर्षं झाली, कसरीनं एक भोक पाडलेलं नाही.

साडेतीनला आम्ही ओंडक्यावर बसलो. काठाला बर्फ धरला होता, मधे पाणी अजून काळं होतं. अनिकानं ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसले. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसले नव्हते, हे आमचे हे सुद्धा सांगतील.

चारच्या सुमाराला पाण्यात रेघ उमटली. आधी एक डोकं, मग आणखी दोन. एकाच्या तोंडात त्याच्या दुप्पट लांबीची फांदी होती. मग बांधावर सासूबाई चढल्या, चिखलाचा गोळा हनुवटीखाली धरून. त्यांनी तो ठेवला, दोन्ही हातांनी थापला, बाजूची एक काठी ओढून पाहिली, उपसली आणि दुसरीकडे खोचली. मला हसू आलं. अनिकानं माझ्याकडे पाहिलं, तीही हसली, आणि तिचा हात माझ्या हातात आला. सुलभा, बघ, असं मी मनात म्हणाले.

तेवढ्यात वारा फिरला.

सासूबाईंनी नाक वर केलं. क्षणभर तशाच थांबल्या. मग त्या पाण्यात घसरल्या आणि शेपटीचा असा फटका बसला की मी दचकून उठले. सगळे बुडाले. पाणी निवळलं, अंधारून आलं, तरी कोणी वर आलं नाही.

अनिकानं माझ्या बाहीला नाक लावलं.

"आजी, योर कोट."

"काय झालं कोटाला?"

"इट स्मेल्स लाइक योर क्लॉजेट."

डांबरगोळ्या. दरवर्षी एडिसनच्या देशी दुकानातून आणून मी त्या कपाटात टाकते, प्रत्येक खिशात दोन-दोन. अठ्ठावीस वर्षांत माझ्या नाकाला तो वास येईनासा झाला होता. गाडीत अनिका माझ्याकडे पाठ फिरवून बसली. खिडकीबाहेर बघत तिनं एकदा डोळे पुसले. रविवारी सकाळी तळं काठापासून काठापर्यंत पांढरं झालं होतं.

दुपारी सुलभाचा फोन आला. अनिका समोरच होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"दिसल्या का गं सासूबाई?"

मी फोनकडे हात नेला. अनिकानं माझ्याकडे बघितलं. "इट वॉज टू कोल्ड, सुलभाआजी. दे डिडंट कम आउट."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी आनंद झाला. पोरीनं सुलभापासून काहीतरी लपवलं होतं, आणि ते माझ्यासाठी. पुढचे दहा दिवस मी त्या आनंदावर काढले.

सुलभा परतली त्या संध्याकाळी मी बाहेरून येऊन नुकतीच दारात उभी होते, अंगावर तोच कोट. ती भेटायला आली, तिनं मिठी मारली आणि तशीच थबकली.

"डांबरगोळ्या," ती हळूच म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. अनिका आत किचनमध्ये होती.

"माझंही पहिल्या वर्षी हेच झालं. मनोहरचा लग्नाकार्याचा कोट घालून गेले होते. महिनाभर कुणी तोंड दाखवलं नाही."

"मग फोनवर सांगायचं नाही का?"

"तू ऐकलं असतंस?"

अनिका धावत बाहेर आली. "सुलभाआजी, द पाँड इज ऑल फ्रोझन."

"हो ना गं," सुलभा म्हणाली, माझ्या खांद्यावरचा हात न काढता. "थंडीच अशी पडली. त्याला आजी तरी काय करणार?"

दोघीही मला सांभाळून घेत होत्या, आणि एकमेकींना ते माहीत नव्हतं. माझं म्हणून एकच गुपित उरलं होतं, त्यातही सुलभा येऊन बसली. चाळीस वर्षांत मला तिचा इतका राग आला नव्हता, आणि हात झटकावासाही वाटला नाही.

कोट आता माझ्याही गराजमध्ये खिळ्याला लटकतोय. मार्चपर्यंत वास जाईल, असं सुलभा म्हणते. तिचं म्हणणं खरं होईल, आणि तेही मला आवडणार नाही.