एका दिवसाचा मावसभाऊ

मी माझ्या मित्राला, त्याला न विचारता, माझा मावसभाऊ करून टाकलं. चूक माझीच होती हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढे मी कारणं शोधायला लागेन आणि ती मला सापडतीलही.

आम्ही एकाच कचेरीत शेजारच्या टेबलांवर बसतो. तो बौद्ध, मी नाही. त्यावरून आमच्यात कधी काही झालं नाही, निदान मला तसं वाटत होतं. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, मारेगावच्या पुढे एका खेड्यात जुनं दगडी देऊळ आहे, तिथे चल. त्याची आई त्या शिवारात कापूस वेचायला जायची. आतली मूर्ती बुद्धाची आहे असं ती सांगायची, पण देऊळ तिने कायम बांधावरूनच पाहिलं, आत कधी गेली नाही. ती वारल्यावर याच्या मनात एवढंच राहिलं होतं की आत जायचं, तिच्या नावाने मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची. मेणबत्ती त्याने पिशवीत घेतली होती.

देवळाला कुलूप होतं. चाबी गावातल्या एका शेतकऱ्याकडे असते असं कळलं म्हणून त्याच्या घरी गेलो. म्हातारे गृहस्थ ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. कुठले, काय करता, असं विचारत विचारत ते आडनावावर आले. मी माझं सांगितलं. मग त्यांनी मित्राकडे पाहिलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हा माझा मावसभाऊ."

का म्हणालो? ते गृहस्थ काही वावगं बोलले नव्हते. आमच्याकडे अनोळखी माणसाला आडनाव विचारतातच, मीही विचारतो. चाबी मिळणार नाही असं वाटलं? मित्राचा अपमान होईल असं वाटलं? की त्याच्यासोबत आलो म्हणून माझाच होईल? हा तिसरा प्रश्न मी अजून स्वतःला धड विचारू शकलेलो नाही.

मित्र वाकून बुटाची नाडी बांधत राहिला.

आता पाहुणे म्हटल्यावर जेवण आलं. भाकर आणि हिरव्या तुरीच्या दाण्यांची भाजी. वाढता वाढता घरच्या बाईंनी आम्हा दोघांना निरखून पाहिलं. "मावसभाऊ म्हंता, अन् नाकं तं कोठंच जुळत नाई."

सगळे हसले. मित्रही हसला. "मी आईवर गेलो, मावशी," तो म्हणाला.

आई कशी आहे, असं त्यांनी विचारलं. गेली मागच्या वर्षी, एवढंच त्याने सांगितलं. त्या घरात आमच्या तोंडून निघालेलं तेवढंच बहुधा खरं असावं. बाई हळहळल्या आणि माझ्याही पानात आणखी भाजी वाढली, माझी मावशी गेली म्हणून.

देवळात म्हातारबुवा आमच्यासोबत आले. मूर्तीवर शेंदराची जाड पुटं होती. लांब कान आणि मांडी घातलेले पाय तेवढे ओळखू येत होते. काही लोक याला बुद्ध म्हणतात म्हणे, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, म्हणत असतील, आमचा तर बाबा आहे, पेरणीच्या आधी याला नारळ फोडतो. मला काहीच ठरवता येईना. मित्राचा हात पिशवीत होता. बराच वेळ तो तिथेच राहिला, मग रिकामा बाहेर आला. त्याने माझ्यासारखे नुसते हात जोडले आणि बाहेर गेला.

गाडीवर मी म्हणालो, "बरं झालं, काम झालं."

"कोणाचं?" तो म्हणाला.

वाटेत त्याच्या आईच्या माहेरी थांबलो. तिथे त्याने मामाला माझं नाव सांगितलं, आडनावासकट, जसं आहे तसं. चहा आला. कोणी काही विचारलं नाही. त्या चहाचा घोट घेताना मला पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी केलं आहे. काय, ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

पुढे तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा मी धीर करून म्हणालो, मी त्या घरी जातो, सगळं खरं सांगून येतो.

"म्हणजे पुन्हा तूच सांगणार?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "मी चाललो येत्या रविवारी. यायचं तर ये. पण बोलू नको."

ओसरीवरचा कापूस गेला होता. म्हातारबुवांनी आम्हाला ओळखलं. मित्राने आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आईचं सांगितलं, मेणबत्तीचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही, आजही नाही. मग त्यांनी खुंटीवरची चाबी काढून मित्राच्या हातात दिली आणि परत जागेवर बसले. या वेळी सोबत निघाले नाहीत. विश्वासाने बसून राहिले, की यायचंच नव्हतं, कोण जाणे.

"मंग त्या दिवशी भाऊ कायले झालते?" त्यांनी विचारलं.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. आता बोलायला हरकत नव्हती.

"ते मी केलं," मी म्हातारबुवांना म्हणालो. "याला न विचारता." मग त्यांच्यावरची नजर काढून मित्राकडे वळलो. "तुझं नाव मी तुला सांगू दिलं नाही. आईची मेणबत्ती माझ्यामुळे पिशवीतच राहिली. माझं चुकलं. मला माफ कर."