मिस कॉल आला की नेट जातं

"वाजू नको गं बाई," असं म्हणत शेजारचे काका माझ्या मोबाईलवर रुमाल टाकायचे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता.

माझं दिंडोरी रोडला ठिबकच्या पाइपांचं दुकान. शेजारी काकांचं घड्याळदुरुस्तीचं. त्यांची मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. फोनची बिलं नवरा तपासायचा. तो कामावर गेला की ती कॉम्प्युटरवर चोरून चार ओळी लिहायची, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असे. त्या वाचायला काका माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसायचे.

दुकानाला लँडलाइन काही मिळाली नाही. हेलपाटे मारायला लावणाऱ्या टेलिफोन ऑफिसातल्या त्या साहेबाचा मला अजून राग आहे. म्हणून मी मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडून नेट चालवायचो. पण फोन आला की नेट तुटायचं. नुसत्या मिस कॉलनेही. आणि तेव्हा आपला निम्मा कारभार मिस कॉलवरच चालायचा.

बागायतदारांचे फोन यायचे. मी भावावरून तोंड सोडायचो. काका हळूच म्हणायचे, "शेठ, जरा लवकर भांडा."

एकदा मी चिडलोच. "स्थळ बघायला मला का नेलं नाही? मी साधा पाइपसुद्धा वाकवून बघतो."

"आम्ही पत्रिका बघितली," ते म्हणाले.

मग बरेच दिवस मुलगी नेटवर आलीच नाही. एका संध्याकाळी अचानक पडद्यावर उमटलं, 'बाबा, मला इथून'. तेवढ्यात रुमालाखाली मोबाईल एकदाच वाजला. घरून काकूंचा मिस कॉल. 'आली का' असं विचारायची त्यांची ती रीत. नेट पुन्हा लागेपर्यंत मुलगी गेली होती.

"काकूंना सांगता येत नाही?" मी ओरडलो.

"सांगितलंय हो. पण तिचं बोट राहत नाही."

त्यानंतर ती कधीच आली नाही. काकांनी फोन लावला की नवरा उचलायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी काकांनी दुकान विकून तिकीट काढलं. काकू सायखेड्याला भावाकडे गेल्या. पुढे काय झालं ते दोघांपैकी कुणीही मला कळवलं नाही. याचाही राग आहे.

मुंबईच्या गाडीत त्यांना बसवताना मी विचारलं, "काका, तिकडे बोलणार कसं? इंग्रजी येतं?"

"एक वाक्य पाठ केलंय," ते म्हणाले. "आय ॲम हर फादर."

गाडी सुटली तरी खिडकीत त्यांचे ओठ हलत होते.