बरोबरीची यादी

हे मी आजवर घरातही बोललो नाही. मेहकरकडच्या एका पोलीस ठाण्यात मी ठाणेदार होतो, ते दिवस मात्र रोज आठवतात. कडुनिंबाखालची हजेरी, हाताने लिहिलेली स्टेशन डायरी, हवालदारांच्या घरून येणारी ठेचा-भाकरी. आणि ती एक यादी.

ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सकाळीच पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, एका पॅनेलचा बॅनर फाटला. लोकं काठ्या घेऊन जमून राह्यले."

जमाव पांगवून दोन्हीकडची माणसं ठाण्यात आणली, एकेकाला विचारलं. प्रत्येकाने समोरच्या पॅनेलचं नाव घेतलं; डोळ्यांनी पाहिलेला एकही नाही. चौकशीत हे नेहमीचंच. ज्याने पाहिलेलं नसतं, तोच जास्त ठाम असतो.

दुपारी एक भाजीवाले शेतकरी आपणहून आले.

"साहेब, बॅनर माह्या बैलाच्या शिंगात अडकून फाटला. काऊन भांडून राह्यले हे?"

हवालदार म्हणाले, "काका, बैल कोण्या पॅनेलचा?"

"त्याले मतदान असतं, तर इचारलं असतं."

सगळे हसलो. शिंगात गुंतलेली चिंधी पंचनाम्यात घेतली, काकांचा जबाब लिहिला. प्रकरण मिटलं.

संध्याकाळी वरिष्ठांनी प्रतिबंधक कारवाईसाठी, म्हणजे निवडणुकीत गडबड करू शकतील अशांची, नावं मागवली. रीत अशी, की दोन्ही पॅनेलची नावं सारखी द्यायची. म्हणजे पक्षपाताची ओरड होत नाही. बॅनरवाल्यांची पाच होती, विरोधकांची चारच. पाचवं मी काकांचं घातलं. आधार म्हणून त्यांचाच जबाब जोडला.

ते कुठल्याच पॅनेलचे नव्हते. त्या यादीने त्यांना विरोधकांचे केले. तहसीलदारांपुढे तारखा सुरू झाल्या. निम्म्या गावाने त्यांची भाजी घेणं सोडलं.

पुढे त्याच गावात विजयाच्या मिरवणुकीत दगडाने एकाचा डोळा गेला. काका दहा पावलांवर उभे होते. मी जबाबासाठी त्यांच्या घरी गेलो.

"मी काई पाह्यलं नाही, साहेब."

दुसरा साक्षीदार मिळाला नाही. आरोपी सुटले.

निवृत्तीनंतर कॉलेजांत बोलावतात, तेव्हा मी नागरिकाच्या कर्तव्यावर बोलतो. पुढाऱ्यांनी गावं फोडली, असंही सांगतो. पण त्या गावात खरं सांगायला पुढे आलेला एकच माणूस होता, आणि त्याला गप्प मी केलं.

काका अजून आहेत. ते नाव मी फक्त संख्या जुळवायला घातलं होतं, हे मला गावात जाऊन, दोन्ही पॅनेलच्या लोकांसमोर सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.