जीपचा ब्रॅकेट आणि बाबांची शेड

आमची वेल्डिंगची शेड मालवणात बंदराच्या वाटेवर आहे. ‘आहे’ हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिचं ‘होती’ करायची माझ्या धाकट्या भावाला भारी घाई झाली होती. बाबा गेल्यापासून शेड मी चालवते. ट्रॉलरच्या इंजिनांचे पाय, शाफ्टचे आधार, मध्येच कुणाच्या अंगणाचं गेट. भाऊ तारकर्लीला पर्यटकांच्या खोल्या चालवतो. शेड पाडून त्या जागी एसी रूम बांधायच्या, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. आईने आपण मध्ये पडणार नाही म्हणून सांगितलं, म्हणजे ती त्याच्याच बाजूने होती.

पर्यटकांना फिरवायला त्याने एक जुनी जीप घेतली आणि गोव्यातल्या एका गॅरेजमधून तिच्यात पिकअपचं दणकट इंजिन बसवून आणलं. इंजिन बसलं, पण बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागाच उरली नाही. जुन्या जागी स्टीअरिंगचा दांडा आडवा येत होता. गॅरेजवाल्याने हात वर केले. अल्टरनेटर दुसरीकडे धरून ठेवायला लोखंडी ब्रॅकेट हवा होता; असा ब्रॅकेट बाजारात मिळत नाही, तो त्या गाडीपुरताच करावा लागतो. मे महिन्याची गर्दी तोंडावर, तेव्हा साहेबांना बहिणीची आठवण झाली.

“करून बघ,” तो म्हणाला. “पण ब्रॅकेट टिकलो नाय, तर पाऊस सरल्यार शेड पाडूची. कबूल?”

“आणि टिकलो तर?”

“तर बघूया.”

“बघूया नाय. टिकलो तर शेडीचा नाव काढूचा नाय.”

तो हसत हो म्हणाला. माझ्या हातून काही होणार नाही याची त्याला खात्री होती.

मी ब्रॅकेट केला तो मला येत होता तसा. होडीचं काम म्हणजे जाड प्लेट. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून आधीच दुप्पट जाडी धरायची. एक पाय इंजिनला बोल्ट केला, दुसरा गाडीच्या सांगाड्याला, चासीला. वर लाल ऑक्साइडचा हात मारला. बघणाऱ्याला वाटावं, याच्यावर हत्ती उभा राहील.

कसालच्या अलीकडे चढावावर तो तुटला. गाडीत पुण्याची मंडळी होती. जीप दोरी बांधून परत आली आणि भाऊ शेडच्या दारात उभा राहिला.

“मी सांगी होतंय मा? ह्यां बायलमाणसांचा काम न्हय.”

मला राग आला. इतका, की तो तुटका ब्रॅकेट त्याच्या पायावर टाकावा असं वाटलं. टाकला नाही, कारण तो मला बघायचा होता. वेल्ड जसाच्या तसा होता. फाटली होती ती शेजारची प्लेट. मी बॉनेट उघडलं, भावाला सीटवर बसवलं आणि रेस द्यायला सांगितलं. इंजिन एका अंगाला कलंडलं आणि परत जागेवर आलं. चासी ढिम्म.

मग डोक्यात उजेड पडला. होडीत इंजिन लाकडावर घट्ट आवळतात. थरथरलं तर होडी आणि इंजिन एकत्र थरथरतात, म्हणून आधार कुठेही टेकवला तरी चालतो. गाडीत इंजिन रबरावर बसतं आणि त्यावर डुलतं. माझ्या ब्रॅकेटचा एक पाय डुलणाऱ्या इंजिनवर आणि दुसरा न हलणाऱ्या चासीवर. मधली प्लेट बिचारी दोघांच्या भांडणात सापडली. असली चूक बंदरावरचं माणूसच करणार. मला तिची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

हंगाम चालू आणि दुसरं कुणी करून देणारं नाही, म्हणून तीच कबुली ठेवून भावाने मला आणखी एकदा करू दिलं. दुसऱ्या वेळी दोन्ही पाय इंजिनवरच घेतले. ब्लॉकवर आट्यांची मोकळी भोकं होती, ती शोधली. पुठ्ठ्याचा साचा कापून आत घालून बघितला, पुन्हा कापला. पुल्या एका रेषेत याव्यात म्हणून पट्टी लावली. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ताणायला चंद्रकोरीसारखी खाच केली, कोपऱ्यात त्रिकोणी टेकू दिला.

“आणखी जाड घाल गो ताई,” भाऊ मागून म्हणाला.

“आता पातळ घालतंय. तू बाजूक हो.”

तो ब्रॅकेट उरलेला मे टिकला, सगळा पावसाळा टिकला, आंबोलीचा घाट चढून उतरून आला. सप्टेंबरात मी त्याला कबुलीची आठवण दिली.

“टिकलो ता खरा,” तो नखं बघत म्हणाला, “पण शेड ठेवन करतलंस काय? होड्येवाले खंय रवले?” जेसीबीवाल्याला त्याने दिवाळीनंतरचं सांगूनही ठेवलं होतं. मी ग्राइंडर चालू केला. बोलले असते तर शिव्याच निघाल्या असत्या.

दसऱ्याला मात्र तो जीप घेऊन शेडवरच आला. पाडायची असली तरी पूजा बाबांच्या जागेतच हवी! आई आली, शेजारच्या ट्रॉलरवरचे खलाशी आले. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पूजा होत नाही. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचं घरातल्या पुरुषाने. घरातला पुरुष बॉनेटला झेंडूचा हार बांधण्यात गुंतला होता. मी नारळ उचलला आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी आज ह्यो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

माना वळल्या. पण चालू गाऱ्हाणं कोण थांबवणार?

“व्हय म्हाराजा!”

“दर्यार गेलेल्यांका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या गाडयेक घाटार, वाटेर सांभाळून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भावाचा आवाज आता सगळ्यांच्या वर होता. गाडी त्याची होती.

“आणि बापाशीन उभी केलली ही शेड अशीच उभी रवांदे! ती पाडूचो इचार ज्येच्या मनात इलो आसात, त्येच्या मनातसून तो काढून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लहानपणापासूनची सवय. तोंड आधी बोललं, कान मागून पोचले. त्याचे हात हारावर तसेच राहिले. खलाशी खाली बघून हसू दाबत होते. फसवलं का मी त्याला? फसवलं. देवाच्या समोर, सगळ्यांच्या देखत.

तो आईकडे वळला. “आये, ता माझ्या तोंडातसून चुकान इला!”

आईने पदर सारखा केला.

“माका कित्याक सांगतंस?” ती म्हणाली. “देवाक सांग.”

मी नारळ फोडला.