घड्याळाला फोडलेला नारळ

जुन्या घड्याळांतला माझ्याइतका जाणकार अख्ख्या धुळ्यात सापडायचा नाही. घेतलेलं पहिलंच घड्याळ ते घरी आल्यापासून अर्ध्या तासात मी बंद पाडलं.

मी टेम्पो चालवतो. भाडं नसलं की देवपूरच्या स्टॅण्डवर मोबाईल बघत बसतो. तिथं जुन्या घड्याळांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. आठवडाभरात मी बाकीच्या टेम्पोवाल्यांना त्यांच्या हातातली घड्याळं कशी फालतू आहेत ते समजावून सांगायला लागलो. माझ्या स्वतःच्या हातात तेव्हा नुसता लाल दोरा होता.

मग एक दिवस फोटो दिसला. चावीचं घड्याळ, डायल पिवळी पडलेली, सेकंदकाटा लाल. विकणारा जळगावचा. अगदी असंच घड्याळ आबांचं होतं. आबा म्हणजे माझे वडील. मी दहा वर्षांचा असताना ते घड्याळ न विचारता हातात घालून गावच्या विहिरीत उडी मारली होती. मी वर आलो, घड्याळ आलं नाही. आबा मला रागावले नाहीत. पण तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारतात, आणि दुसरं घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही. आता चौऱ्याऐंशीचे झालेत. म्हटलं, आणखी किती दिवस थांबायचं. केली ऑर्डर.

घड्याळ आलं ते टिकटिक करतच आलं. सोबत एक छापील चिठ्ठी होती, इंग्रजीत. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून मी तिला गॅरंटीचं कार्ड समजलो. बायको म्हणाली, नवी वस्तू आधी देवापुढं ठेवा. तिनं नुसतं ठेवा म्हटलं होतं. पण मला पूजा येते ती टेम्पोची. मी घड्याळाला हळदकुंकू लावलं, चिठ्ठीलाही लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी दोन्हींवर शिंपडलं. लिंबू ठेवायला चाक सापडेना, म्हणून पट्ट्याखाली ठेवलं. आरती संपेपर्यंत घड्याळ थांबलं होतं.

मी लगेच जळगावला फोन लावला. फसवलं, बंद माल पाठवला, असं बरंच बोललो. तो माणूस शांत होता. म्हणाला, निघालं तेव्हा चालू होतं, तरी पटत नसेल तर परत पाठवा. मग हळूच विचारलं, "भाऊ, चिठ्ठी वाचली का? पाणी लागू देऊ नका, असं लिहिलंय तिच्यात."

मी म्हटलं, रेंज नाही, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचाकडे गेलो. त्यांना सांगितलं की आपोआप बंद पडलं. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"बेटा, ये घड्याळ हाय का चटणीची वाटी?"

मग मी सगळं खरं सांगितलं. आबांचंही सांगितलं, ते मी बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. चाचा हसले नाहीत. म्हणाले, साधं पाणी असतं तर सुकवलं असतं, हे चिकट आहे, एकेक चाक काढून धुवावं लागंल, चालंलच असं सांगत नाही. आणि काचेच्या कडेला फट आहे, पाणी तिथूनच आत गेलं. या मापाची काच धुळ्यात मिळायची नाही. ज्यानं घड्याळ दिलं त्यालाच विचार.

ज्याला काल लबाड म्हटलं, त्याच्यापुढंच आज हात पसरायचा. टेम्पोत बसून मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन खिशात टाकला. चौथ्यांदा लावला. आधी माफी मागितली, मग नारळाचं सांगितलं. पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, आता खरंच रेंज गेली. मग कळलं, तो हसत होता. म्हणाला, माझ्या एका गिऱ्हाइकानं घड्याळ दुधानं धुतलं होतं, तुम्ही त्यापेक्षा बरे. संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडं त्यानं जुनी काच पाठवली, कापसात गुंडाळून, औषधाच्या डबीत.

तिसऱ्या दिवशी चाचांनी घड्याळ माझ्या कानाला लावलं. चालू होतं. डोळ्यात कचरा गेल्यासारखं करून मी रुमाल काढला. चाचांनी चहा मागवला आणि तो पिऊन होईपर्यंत माझ्याकडं बघितलंच नाही, त्याचेही उपकार. त्या जळगाववाल्याचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही, पण देवापुढं हात जोडताना या दोघांची नावं आधी घेतो.

रविवारी गावाला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, बोटानं काच पुसली, कानाला लावलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग मनगटावर बांधलं, आणि पट्टा सगळ्यात आतल्या भोकात बसला, इतकं मनगट बारीक झालेलं.

मला राहवेना. चावी कशी द्यायची ते दाखवायला मी हात पुढं केला. आबांनी मनगट छातीशी ओढून घेतलं.

"घडी चांगली शे," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "आते तू दूर बस."